टॉम्लिनसाहेबांच्या दातांमधली फट

प्रणिता वानखेडेने बावीस वर्षांत हजारो माणसांचे दात बनवले होते, पण त्यांतल्या एकालाही ती कधी भेटली नव्हती. तांजोंग पगारच्या एका जुन्या, खाली दुकान आणि वर खोल्या असलेल्या शॉपहाउसात, दुसऱ्या मजल्यावर, दातांची लॅब होती. तिथे ती काम करायची. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाची मापं यायची. त्यांवरून ती प्लास्टरचे साचे ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, कवळी गरम पाण्यात शिजवून, घासून, चकचकीत करून परत पाठवायची. पुढे ती कुणाच्या तोंडात गेली, त्या माणसाने त्या दातांनी काय खाल्लं, कुणाकडे पाहून हसला, हे तिला कधीच कळत नसे. कळावं असं तिला वाटतही नसे. काम चोख झालं की तिचं समाधान व्हायचं.

शुक्रवारी दुपारी डॉक्टर चुआंचा फोन आला. खालच्याच रस्त्यावर त्यांचा दवाखाना होता आणि त्यांची सगळी कामं प्रणिताकडेच यायची.

"अर्जंट आहे. उद्या दुपारपर्यंत हवंय. वरची कवळी, पुढचे सहा दात. हॉटेलच्या बेसिनवर पडून फुटली. तीन तुकडे झाले. दोन मिळाले, मधला पाइपातून गेला."

"पेशंटचं वय?"

"सत्त्याऐंशी. लंडनहून आलेत. मिस्टर अल्बर्ट टॉम्लिन. जॅझ बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. रविवारी चार वाजता कार्यक्रम आहे."

प्रणिताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "सत्त्याऐंशीव्या वर्षी ट्रम्पेट?"

"मीही हेच विचारलं," डॉक्टर चुआ म्हणाले, "तर म्हणाले, सव्विसाव्या वर्षी वाजवत होतो तेव्हा कुणीच कसं विचारलं नाही?"

तासाभरात माप आलं, सोबत एका डबीत जुन्या कवळीचे दोन तुकडे. प्रणिताने ते दिव्याखाली धरले. पुढच्या बाजूला, ओठ टेकतो तिथे, प्लास्टिकची चमक पार गेली होती. देवळाची पायरी पावलांनी झिजावी तशी ती जागा गुळगुळीत आणि किंचित खोलगट झाली होती. इतक्या वर्षांत असली झीज तिने पाहिली नव्हती. ब्रश चुकीचा वापरत असतील, असं मनाशी म्हणून ती कामाला लागली. समोरचे मधले दोन दात नेमके हरवलेल्या तुकड्यात होते, त्यामुळे ते कसे होते हे कळायला मार्ग नव्हता. तिने ते शिस्तीत बसवले. एकाला एक लागून, सरळ, मोत्यासारखे. संध्याकाळी जरा उशिरापर्यंत थांबून, शनिवारी सकाळी पुन्हा लवकर येऊन तिने कवळी पुरी केली. देताना तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

शनिवारी संध्याकाळी ती सेम्बावांगच्या घरी मेथी निवडत बसली होती, तेव्हा पुन्हा डॉक्टर चुआंचा फोन आला.

"कवळी छान बसली. बोलता येतं, खाता येतं. पण वाजत नाही."

"वाजत नाही म्हणजे?"

"आवाज येतो. पण तो आपला नाही, असं म्हणताहेत. बँडमधल्या बाईंचंही तेच म्हणणं आहे. उद्या सकाळी नऊला ते हॉलवर तालीम करणारेत. मी जातोय. तू येशील? हे माझ्या हातचं काम नाही, तुझ्या हातचं आहे."

फोन ठेवून प्रणिता नवऱ्यावरच उखडली. "दात चावायला असतात, उज्ज्वल. वाजवायला नसतात. इतकी सरळ कवळी करून दिली, तर म्हणे आवाज आपला नाही!"

उज्ज्वल जुरोंग आयलंडवर पंपांच्या देखभालीचं काम बघायचा. त्याने मेथीची एक जुडी आपल्यापुढे ओढली. "आमच्याकडे एक म्हातारा ऑपरेटर होता. मशीनपाशी नुसता उभा राहायचा आणि सांगायचा, बेअरिंग जाणार. मीटर सगळे ठीक दाखवायचे. दोन दिवसांनी बेअरिंग जायचं. ते गृहस्थ किती वर्षं वाजवताहेत?"

"सत्तर तरी असतील."

"मग तू जा. उद्या विहारात वंदनेला मी एकटा जातो. तुझं काय झालं म्हणून विचारलं तर सांगतो, ट्रम्पेटचे दात घासायला गेली."

रविवारी सकाळी प्रणिता हातात धरायची छोटी मोटर, घासायच्या चकत्या, पॉलिशची डबी आणि मापाच्या पट्ट्या पिशवीत घालून एमआरटीच्या मेट्रोत बसली. हॉल फोर्ट कॅनिंगच्या टेकडीच्या पायथ्याशी होता, जेमतेम तीनशे खुर्च्यांचा. डॉक्टर चुआ दारातच भेटले. आत स्टेजवर चार म्हातारी माणसं होती.

ड्रमवाले विन्स्टन शहात्तर वर्षांचे, म्हणजे बँडमधले सर्वांत धाकटे. खुब्याचं ऑपरेशन झाल्यामुळे ते स्टुलावर आधी एक बाजू आणि मग दुसरी बाजू अशा हप्त्यांनी बसत होते. डेनिस आपल्या उंच बास वाद्याला टेकून उभे होते आणि त्यात कोण कुणाला धरून आहे हे सांगता येत नव्हतं. पियानोशी बेरिल नावाच्या बाई होत्या, वय एक्याऐंशी, चणीने बारक्या, खुर्चीवर दोन उशा रचून बसलेल्या. त्यांची बोटं पाहून प्रणिता मनातल्या मनात हळहळली. सांधे सुजून आल्याच्या गड्ड्यासारखे झाले होते. आणि मधे टॉम्लिनसाहेब. उंच, खांद्यात वाकलेले, निळ्या शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावलेले.

"तुम्हीच का माझे दात?" ते प्रणिताला म्हणाले आणि हसले. कवळी खरंच सुरेख दिसत होती.

"ऐकवा मला," प्रणिता जरा ताठ्यातच म्हणाली. "काय होतंय ते कळू दे."

त्यांनी ट्रम्पेट ओठाला लावून एक लांब स्वर धरला. स्वच्छ, सरळ, घंटेसारखा. प्रणिताला तर तो चांगलाच वाटला आणि तिने तसं सांगितलंही.

"चांगलाच आहे," पियानोपासून बेरिल म्हणाल्या. "पण हा अल्बर्ट नाही. रेडिओवर कुणीतरी वाजवतंय."

प्रणिता काहीतरी बोलणार होती, पण बेरिलबाईंनी तिला जवळच्या खुर्चीवर बसायची खूण केली.

"तेवीस वर्षांपूर्वी लीड्सला एका क्लबच्या जिन्यावरून हा पडला. पुढचे सगळे दात गेले. चौसष्ट वर्षांचा होता. ट्रम्पेटवाल्याचे दात गेले म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. सगळ्यांनी त्याला निरोप दिला. वर्तमानपत्रात दोन ओळीसुद्धा आल्या. ह्याने कवळी बसवली आणि शाळेतल्या पोरासारखा एका स्वरापासून सुरुवात केली. एकच स्वर. रोज सकाळी. मी शेजारच्या गल्लीत राहायचे. दोन वर्षं मी त्याच्या स्वयंपाकघरात बसून तो एक स्वर ऐकला."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं आणि काही आठवडे. पहिले आठ महिने तर नुसती हवाच यायची."

टॉम्लिनसाहेब ट्रम्पेटमधली लाळ काढत म्हणाले, "आणि तो दातांचा डॉक्टर महागाढव. मधल्या दोन दातांत फट ठेवली त्याने. मी महिनाभर त्याच्या नावाने बोटं मोडली. मग एके दिवशी लक्षात आलं की आवाजाला जी एक खरखरीत कड येतेय, लोकरीच्या धाग्यासारखी, ती त्या फटीतून येतेय. माझे खरे दात असतानाही ती कड मला कधी सापडली नव्हती. चाळीस वर्षं शोधत होतो."

डॉक्टर चुआ तिच्याकडे बघत होते.

"मी ती फट बुजवली," ती म्हणाली. "मला वाटलं... तुकडा नव्हता, म्हणून मी सरळ लावले. कुणीही असेच लावले असते."

"मग कुणाहीसारखा आवाज आला," बेरिल म्हणाल्या. पण त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

आता प्रश्न असा होता की फट केवढी होती? टॉम्लिनसाहेबांच्या जिभेला ती ठाऊक होती, पण जिभेला आकडे येत नाहीत. विन्स्टननी फोनवर शेकडो फोटो दाखवले, पण प्रत्येकात टॉम्लिनसाहेबांच्या तोंडाला ट्रम्पेट! डॉक्टर चुआ म्हणाले, "अंदाजाने करू." प्रणिता म्हणाली, "जास्त गेलं तर परत भरता येत नाही. चार वाजता कार्यक्रम आहे."

"ह्याला पट्टी लागत नाही," बेरिल म्हणाल्या. "तू थोडं थोडं घास. तो वाजवेल. मी सांगते."

प्रणिताला हे काही पटलं नाही. पण दुसरा उपाय तिच्याकडे नव्हता. तिने विंगेत एका टेबलावर पिशवी उघडली, मोटर लावली. टॉम्लिनसाहेबांनी पाठ फिरवून कवळी काढून रुमालात दिली. तिने दोन दातांमध्ये बारीक चकती घातली, अगदी जेमतेम फिरवली, धुऊन परत दिली. देण्याआधी पट्टी घालून पाहिलं होतं, मिलिमीटरचा दोन दशांश.

त्यांनी तोच स्वर धरला. बेरिल डोळे मिटून बसल्या होत्या. "अजून."

पुन्हा चकती, पुन्हा पाणी, पुन्हा तो स्वर. "अजून. पण आता घाई करू नकोस."

चौथ्या खेपेला बेरिल म्हणाल्या, "डावीकडून घेतलंस ना या वेळी? उजवीकडून घे." प्रणिताचा हात जागच्या जागी थबकला. तिने खरंच डावा दात घासला होता. बेरिल तिच्यापासून पंधरा पावलांवर होत्या आणि त्यांचे डोळे मिटलेले होते.

तिने उजवीकडून घेतलं. "जवळ आलो," बेरिल म्हणाल्या.

आता प्रणिताच्या मनात शंका शिरली. अर्ध्या दशांशाचा फरक तिला स्वतःला भिंगाखाली दिसायचा, तोही डोळे ताणून. या बाई नक्कीच अंदाजाने बोलताहेत, आणि म्हातारा मैत्रिणीच्या शब्दावर मान डोलावतोय. म्हणून पुढच्या खेपेला तिने मोटर चालू केली, चकती हवेतच फिरवली, कवळी नुसती पाण्याखाली धरली आणि पुसून परत दिली.

टॉम्लिनसाहेबांनी स्वर धरला.

बेरिलबाईंनी डोळे उघडले. पियानोवरून मान वळवून त्यांनी प्रणिताकडे पाहिलं. "हे तर मघाचंच आहे, बाळ."

प्रणिताचे कान तापले. पन्नाशीला टेकलेल्या बाईला कुणी 'बाळ' म्हणावं आणि तिला खरंच वर्गात पकडल्यासारखं व्हावं! "मी... मला बघायचं होतं," ती कशीबशी म्हणाली.

"बरं केलंस," बेरिल हसल्या. "मीही हेच केलं असतं. आता मोटर ठेव आणि नुसत्या पॉलिशने घे. केसभर."

प्रणिताने धाग्याला पॉलिश लावलं आणि दोन दातांमधून तो हलक्या हाताने ओढला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ओढू की नको, यावर ती थांबली आणि मग तिने कवळी धुतली.

टॉम्लिनसाहेबांनी कवळी बसवली, जिभेने चाचपली आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी ट्रम्पेट उचललं.

तो स्वर आला तेव्हा प्रणिताला आधी तो वाद्यातून आलाय असं वाटलंच नाही. वाटलं, कुणीतरी अगदी कानाशी येऊन काहीतरी सांगू लागलंय. आवाज मोठा नव्हता. पण त्याला अंग होतं, वजन होतं, आणि त्याच्या कडेला ती बारीक खरखर होती, थंडीत घोंगडीवरून हात फिरवावा तशी. अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त प्लास्टिक काय ते कमी झालं होतं. तेवढ्याने सकाळचा तो स्वच्छ, सरळ, परका आवाज निघून गेला होता आणि त्याच्या जागी एक माणूस येऊन उभा राहिला होता. आपटलेला, पुन्हा उठलेला, सत्त्याऐंशी वर्षांचा एक माणूस.

डेनिसच्या बोटांखाली बास आपोआप सुरू झाला. विन्स्टननी ड्रमवर फिरवायचे तारांचे ब्रश उचलले. बेरिलबाईंनी त्या सुजलेल्या बोटांनी दोन सूर असे ठेवले, जसं झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं. प्रणिताने डॉक्टर चुआंकडे पाहिलं. एरवी घड्याळाकडे बघत बोलणारे डॉक्टर तोंडाचा आ करून उभे होते.

गाणं संपल्यावर त्यांनी टॉम्लिनसाहेबांच्या हिरड्या तपासल्या. "कवळी नवी आहे. हिरड्या अजून रुळलेल्या नाहीत. अर्धा तास वाजवा, त्याहून जास्त नको."

"कार्यक्रम दीड तासाचा आहे."

"तेच सांगतोय मी."

"ऐकलं मी," टॉम्लिनसाहेब म्हणाले, आणि ऐकलं म्हणजे मानलं नाही, हे सगळ्यांनाच कळलं.

चार वाजता हॉल भरला होता. उज्ज्वल वंदनेहून थेट आला होता, पांढऱ्या शर्टातच. ती दोघं चौथ्या रांगेत बसली. चौघं म्हातारी माणसं स्टेजवर यायला निघाली आणि आपल्या जागांवर पोचायला त्यांना मिनिटभराहून जास्त लागलं. लोक टाळ्या वाजवत राहिले. त्या टाळ्यांत थोडी कणव होती, आजोबा जिना चढून आल्यावर आपण कौतुक करतो तशी. प्रणिताला त्या टाळ्यांचा राग आला. थांबा जरा, असं तिला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं.

सांगावं लागलं नाही. पहिल्याच गाण्याच्या चौथ्या-पाचव्या सुराला पुढच्या रांगेत मोबाइल चाळणाऱ्या एका तरुण मुलीने फोन मांडीवर उलटा ठेवला, आणि पुढे तासभर तो तसाच राहिला. विन्स्टन बसताना जितके अवघडले होते, तितकेच वाजवताना मोकळे झाले. त्यांची मनगटं विशीतल्या पोराची होती. बेरिलबाईंची बोटं सगळ्या पट्ट्यांपर्यंत पोचत नव्हती, हे प्रणिताला आता दिसत होतं. जिथे पोचत नव्हती तिथे त्या जागा रिकामी सोडायच्या आणि डेनिस ती न सांगता बासने भरायचे. ह्या बाई कुठे अडतात हे त्यांना पाठ होतं. एकाचं जे सरलं होतं ते दुसऱ्याने आपल्याकडे घेतलं होतं, आणि हा व्यवहार इतकी वर्षं इतक्या गुपचूप चालला होता की ऐकणाऱ्याला तेच सौंदर्य वाटावं.

"तो सकाळचा दात कुठला गं?" उज्ज्वलने हळूच विचारलं.

"श्श," प्रणिता म्हणाली.

पाऊण तास उलटून गेला होता. एका संथ गाण्याच्या मध्यावर टॉम्लिनसाहेबांनी ट्रम्पेट खाली घेतलं आणि वरच्या ओठावर बोट दाबलं. क्षणभरच. घाम पुसला असं कुणालाही वाटलं असतं. पण प्रणिताला नेमकं कळलं काय झालंय. डावी बाजू सुटली होती. फुंकेच्या दाबाने नवी कवळी डावीकडून उचलली जात होती. आता ओठ मधोमध टेकला की ती हलणार, हलली की हवा निसटणार, आणि स्वर फाटणार. तिच्या हातात काही नव्हतं. मोटर पिशवीत, पिशवी खुर्चीखाली, आणि मधे तीन रांगा आणि एक स्टेज.

बेरिलबाईंनी मान वर केली नाही. पण गाणं त्यांनी आपल्याकडे घेतलं, इतकं अलगद की लोकांना ते ठरलेलंच वाटलं. डेनिस आणि विन्स्टन त्यांच्यामागे गेले. टॉम्लिनसाहेब बाजूला उभे होते. त्यांची जीभ गालाच्या आत फिरत होती. प्रणिताला ती बाहेरून दिसत होती. डावीकडे चाचपलं, मधे चाचपलं, उजवीकडे गेली आणि तिथे थांबली.

मग त्यांनी ट्रम्पेट उचललं आणि उजव्या कोपऱ्याला लावलं.

प्रणिताने उज्ज्वलचा हात घट्ट धरला. ओठाचं मधलं स्नायूंचं कडं, ज्याला त्यांनी सत्तर वर्षं घडवलं होतं, ते सोडून हा माणूस ओठाच्या अशा जागेवर वाजवायला निघाला होता जिथे त्याने आजवर कधी वाजवलं नसणार. डाव्या हाताने जेवायला बसावं, तेही तीनशे लोकांसमोर, आणि शितही सांडू देऊ नये, असं ते होतं. तिथे ती फट नव्हती. ती लोकरीची कड नव्हती. काहीच नव्हतं.

आणि तरी तोच आवाज आला.

जरा बारीक, जरा थकलेला, पण तोच. ती खरखरीत कडसुद्धा आली. कुठून आली ते प्रणिताला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही कळलं नाही. सकाळी तिने दशांश-दशांश मोजून जे घडवलं होतं, त्याच्यावाचून तो माणूस वाजवत होता. त्यांनी उंच सूर सोडून दिले. खालचेच चार-पाच सूर घेतले आणि त्यांवर ते इतका वेळ थांबत गेले की एकेका सुराच्या आत खोल्यांमागून खोल्या उघडाव्यात. तीनशे माणसांना एका म्हाताऱ्याचं संथ गाणं ऐकू येत होतं. फक्त दोन बायकांना ठाऊक होतं की समोर काय चाललंय. त्यांतली एक पियानोवर होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण बोटं थांबली नव्हती. दुसरी चौथ्या रांगेत नवऱ्याचा हात धरून बसली होती.

उरलेली पस्तीस मिनिटं ते तसेच वाजवत राहिले. शेवटच्या गाण्याला लोक उठून उभे राहिले. प्रणिता बसूनच राहिली. उज्ज्वलने खाली वाकून तिच्याकडे पाहिलं.

"काय झालं?"

"तुला सांगते," ती म्हणाली. पण त्या दिवशी एमआरटीत सेम्बावांगपर्यंत तिने तीनदा सांगायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा तिला अर्ध्यावर थांबावं लागलं.

त्याआधी, कार्यक्रम संपल्यावर ती आत भेटायला गेली तेव्हा टॉम्लिनसाहेब खुर्चीत बसून बर्फाचा खडा ओठाला लावत होते. ओठ सुजून लाल झाला होता.

"माझी चूक झाली," प्रणिता म्हणाली. "डावीकडून सुटली. मी अजून एकदा बसवून बघायला हवी होती."

"तुम्हाला दिसलं?" त्यांनी चकित होऊन विचारलं. "अरे देवा. बेरिल, हिला दिसलं!"

"तुम्ही आधी कधी त्या बाजूने वाजवलं होतंत?"

"छे."

"मग कसं जमलं?"

टॉम्लिनसाहेबांनी खरंच विचार केला. बर्फ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "स्वर कसा हवा ते माहीत होतं," ते म्हणाले. "मग तोंडाला त्याच्यापर्यंत जावंच लागलं. आणि उजवीकडे जागा रिकामी होती." एवढं बोलून ते हसले, आणि हसताना ओठ दुखला म्हणून कळवळले.

सोमवारी सकाळी डॉक्टर चुआंनी नव्याने माप घेतलं, आणि टॉम्लिनसाहेब दवाखान्यात न थांबता प्रणिताबरोबर लॅबवर आले. तिच्या इतक्या वर्षांत लॅबचा तो अरुंद जिना चढून आलेले ते पहिले पेशंट होते. सोबत बेरिलबाईही आल्या, कठड्याला धरून, एकेक पायरी घेत. प्रणिताने कवळीची आतली बाजू नव्याने भरली, डावीकडची पकड घट्ट केली. फटीला तिने हातही लावला नाही. ती काम करत होती तोवर दोघं स्टुलावर बसून कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, पीत होती आणि मेणातले दात, प्लास्टरचे साचे, फळीवर ओळीने मांडलेली तोंडं बघत होती.

"ही सगळी माणसं तू बनवतेस?" बेरिलबाईंनी विचारलं.

"दातच फक्त."

"किती वर्षं?"

"बावीस."

"म्हणजे आत्ता कुठे हात बसायला लागला असेल," बेरिलबाई अगदी सहज म्हणाल्या आणि कोपीचा घोट घेतला. प्रणिताने मान वर करून पाहिलं. त्या चेष्टा करत नव्हत्या.

कवळी तयार झाल्यावर टॉम्लिनसाहेबांनी तिथेच ट्रम्पेट काढलं. खालच्या मजल्यावर लोक कोपी पीत असतील, बाजूच्या कार्यालयांत मीटिंगा चालू असतील, याची पर्वा न करता त्यांनी मधोमध ओठ टेकून एक लांब स्वर धरला. बेरिलबाईंनी डोळे मिटले. स्वर संपला तरी त्या डोळे मिटूनच होत्या.

"हं," शेवटी त्या म्हणाल्या. "हा आला."

मंगळवारी सकाळच्या विमानाने ते पर्थला जाणार होते, तिथे दोन कार्यक्रम होते. निघताना बेरिलबाईंनी पर्समधून एक जाडजूड डायरी काढली. कोपरे वळलेले, पानं भरत आलेली. चष्मा चढवून त्यांनी पुढच्या वर्षाचं पान शोधलं.

"पुढच्या ऑक्टोबरात आम्हाला इथे परत बोलावलंय. सतरा आणि अठरा तारीख. अल्बर्टला तेव्हा कवळीची जोडी हवी, एक वापरायला आणि एक फुटायला. तुला वेळ असेल?"

प्रणिताने हिशेब न करायचं ठरवलं तरी तो मनात झालाच. तेव्हा हे अठ्ठ्याऐंशी, ह्या ब्याऐंशी. पण दोघं तिच्याकडे अशी बघत होती, जणू या सगळ्यात अडचण एकच असू शकते, आणि ती म्हणजे प्रणिताला रजा नसणं.

"असेल," ती म्हणाली, आणि फोन काढून तिने दोन्ही तारखा लिहून घेतल्या.

टॉम्लिनसाहेबांनी ट्रम्पेटची पेटी उचलली. प्रणिता ती घ्यायला पुढे झाली, तर त्यांनी मान हलवली. बेरिलबाई पुढे आणि ते मागे, असे ते जिना उतरायला लागले. उतरता उतरता दोघांत वाद सुरू झाला. कालच्या संथ गाण्यात बेरिलबाईंनी एक सूर लवकर सोडला होता असं टॉम्लिनसाहेबांचं म्हणणं होतं, आणि साहेबांनीच तो उशिरा घेतला होता असं बाईंचं. रस्त्यावर पोचेपर्यंत तो वाद मिटला नव्हता.